आकडे मोठ्याने वाचा

शैलजा मॅडमची आणि माझी पहिली भेट मुलाखतीच्या टेबलावर झाली आणि त्या मला मुळीच आवडल्या नव्हत्या. मी बीडहून नुकतीच आलेली, काळेवाडीत मैत्रिणींबरोबर खोली घेतलेली, बस बदलत बदलत कशीबशी चाकणला पोहोचलेली. प्रश्न विचारताना मॅडम माझ्या तोंडाकडे बघेचनात. त्यांची नजर माझ्या कानापलीकडे, भिंतीवर टांगलेल्या आग विझवायच्या लाल नळकांड्यावर. मनात म्हटलं, बाई फार मोठ्या दिसतात, समोरच्याकडे बघायचीही तसदी घेत नाहीत. मुलाखत संपली तेव्हा त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" आणि कँटीनचं कूपन माझ्यापुढे सरकवलं. नोकरी लागल्याचं पुढच्या आठवड्यात कळलं.

आज मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत, निवृत्तही होत आहेत. त्यांच्या हाताखाली शिकलेली आम्ही माणसं हा गौरवग्रंथ त्यांना अर्पण करत आहोत. तो त्यांना वाचता येणार नाही. डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने त्यांची मधली दृष्टी जवळजवळ गेली आहे. कडेचं थोडं दिसतं, तेही किती दिवस, हे डॉक्टर सांगत नाहीत. आनंदाच्या प्रसंगी असलं लिहू नये, असं आमच्या समितीतल्या काहींचं मत होतं. मॅडम स्वतःच म्हणाल्या, "लिहू दे तिला." म्हणून लिहिते आहे. लिहिताना जीव तुटतो आहे, हेही सांगून टाकते.

बाहेरच्या वाचकांसाठी आमच्या कामाविषयी थोडं सांगायला हवं. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. कारखान्याचं सगळं चालतं ते सर्व्हर रूममधल्या काही मोठ्या यंत्रांवर. त्यांना आम्ही होस्ट म्हणतो. एका होस्टच्या पोटात अनेक आभासी संगणक एकाच वेळी नांदतात. कुणी हजेरी सांभाळतो, कुणी मालाची लेबलं छापतो, कुणी तपासणीच्या नोंदी ठेवतो. काळेवाडीत मजल्यावर मजले चढवून भाडेकरू ठेवलेलं घर असतं, तसंच हे. कोणत्या घरात किती जागा उरली आहे, हे बघून नवा भाडेकरू आत घ्यायचा, हे आमच्या विभागाचं रोजचं काम. मॅडमनी या कारखान्यात ही सगळी व्यवस्था उभी केली आणि शेवटपर्यंत चालवली.

त्यांची शिकवण म्हणून आम्ही जी सांगतो, ती एका फजितीतून जन्मली. आमचा सहकारी संदीप हा चाकणजवळच्या जुन्या गावातल्या शेतकरी घरातला. तपासणी विभागासाठी त्याला एक मोठा आभासी संगणक सुरू करायचा होता. स्क्रीनवर सगळ्या होस्टची मिळून शिल्लक मेमरी एका हिरव्या पट्टीत दिसत होती आणि पट्टी चांगली लांबलचक होती. संदीपने स्क्रीन मॅडमकडे वळवली. मॅडमनी मान डोलावली. त्याने संगणक सुरू केला. पण चार घरांत एकेक पाहुणा मावतो, म्हणून चौघांचं बिऱ्हाड एका घरात मावत नाही. ज्या होस्टवर तो संगणक जाऊन बसला, तिथे तेवढी जागाच नव्हती. होस्ट गुदमरला आणि त्याच्यावरची लेबलं छापायची व्यवस्था ठप्प झाली. लेबलाशिवाय माल गेटबाहेर जात नाही. ट्रक आवारात उभे राहिले.

दुपारी बैठक बसली. प्लांटचे साहेब तापलेले होते. "हे कुणी केलं? आत्ताच्या आत्ता नाव सांगा," म्हणाले. संदीप तेव्हा कंत्राटावर होता, त्याचं काय होणार हे सगळ्यांना दिसत होतं. तो उठायच्या आत मॅडम उठल्या. "त्याने मला दाखवलं होतं. मी हो म्हटलं. चूक माझी आहे." त्या वर्षी त्यांची बढती हुकली. बाहेर आल्यावर संदीप रडकुंडीला आला होता.

"मॅडम, तुमी कशापायी अंगावर घेतलं? माझंच चुकलं व्हतं."

"आधी चहा पी. मग बोलू," मॅडम म्हणाल्या. त्या विषयावर मग त्या कधीच बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मात्र नवा नियम आला. हिरव्या पट्ट्या बघणं बंद. मॅडमनी एक स्क्रिप्ट लिहून घेतली, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची एक छोटी मालिका. ती प्रत्येक होस्टला नावाने गाठून वेगवेगळं विचारते: तुझा प्रोसेसर किती गुंतला आहे, मेमरी किती शिल्लक आहे, तुझ्यावर किती जण बसले आहेत. एका होस्टचं उत्तर एका ओळीत. आणि ते उत्तर एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं. शंका आली की थांबायचं. सकाळच्या शिफ्टला आमचं हे वाचन सुरू झालं की बाजूचे स्टोअरवाले म्हणायचे, "चला राव, सर्व्हरवाल्यांची आरती लागली." आम्ही हसायचो आणि वाचत राहायचो. त्यानंतर तसला घोटाळा आमच्याकडे पुन्हा झाला नाही. नव्या मुलींना शिकवताना मी मोठ्या ऐटीत सांगायचे की डोळा आकड्यावरून घसरतो, जीभ घसरत नाही, मॅडमनी किती विचार करून हे ठरवलंय बघा.

या वाचनाने मला एकदा फार मोठा आधार दिला. गावाकडे वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. सुट्टी मागायची भीती होती, नोकरी नवी होती. सकाळी आकडे वाचायला लागले. दोन ओळी झाल्या असतील, मॅडम म्हणाल्या, "थांब. घरी काय झालंय?" मी म्हटलं, काही नाही. "आकडे बरोबर आहेत तुझे, आवाज बरोबर नाही. सांग." मी सांगितलं. तासाभरात त्यांनी मला स्वतः सोबत येऊन बीडच्या गाडीत बसवलं, वाटेत खायला केळी घेऊन दिली. वडील त्यानंतर चार दिवस होते. त्यांचा हात हातात घेऊन बसायला मिळालं, ते मॅडममुळे.

हे सगळं लिहून मी गेल्या महिन्यात तळेगावला त्यांच्या घरी गेले. वाचून दाखवत होते. संदीपच्या प्रसंगात त्यांच्या थोरपणाविषयी मी एक लांबलचक परिच्छेद लिहिला होता. तिथे त्यांनी हात वर केला.

"हे काढ."

"का मॅडम?"

"मला दिसलंच नव्हतं गं. त्याने स्क्रीन वळवली, मला नुसता हिरवट ढग दिसला. मधलं तेव्हाच जायला लागलं होतं. दिसत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून मान डोलावली. चूक माझीच होती. मोठेपणा कसला त्यात?"

मी विचारलं, "आणि मोठ्याने वाचायचा नियम?"

"मला कळावं म्हणून. दुसरं काय?" मग म्हणाल्या, "तुम्ही सगळे त्याची तत्त्वं सांगत फिरायला लागलात. मला हसूही यायचं आणि रात्री झोपही यायची नाही."

इतकी वर्षं त्या एकट्या हे ओझं वाहत होत्या. माणूस ओळखायचा तो आवाजावरून आणि चालण्यावरून, जिने पायांच्या सवयीने उतरायचे. कडेने दिसावं म्हणून त्या नजर बाजूला ठेवायच्या, आणि आमच्यासारख्यांनी त्यांना गर्विष्ठ म्हणायचं. मी त्यांच्या ओसरीवर बसून रडले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, जणू काही दुखणं माझंच होतं.

तो परिच्छेद मी काढला, प्रसंग मात्र ठेवला. मॅडम, तुम्हाला दिसत नव्हतं हे खरं. पण त्या बैठकीत गप्प बसायची सोय होती, हेही तेवढंच खरं. तुम्ही गप्प बसला असतात तर कुणाला कधीच कळलं नसतं आणि संदीप घरी गेला असता. आज तो या विभागाचा प्रमुख होतो आहे. गेल्या आठवड्यात त्याने स्क्रिप्टची उत्तरं आपोआप बोलून दाखवली जातील अशी सोय तुमच्यासाठी केली, किती हौसेने केली होती. तुम्ही दोन होस्टची उत्तरं ऐकलीत आणि म्हणालात, "यंत्राचा आवाज नको रे. तू वाच." संदीप वाचायला लागला आणि मध्येच त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. उरलेले होस्ट मी वाचले.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. त्याबद्दलही त्यांनी मला बजावून ठेवलं आहे. "शंभर वर्षं जगा, असलं काही लिहू नकोस. माझ्या आईला हेच दुखणं होतं आणि ती नव्वदी ओलांडून गेली. अंथरुणात उठून बसायची आणि विचारायची, सकाळ झाली का गं? आम्ही सगळी नोकऱ्यांवर. उत्तर द्यायला घरात कुणी नसायचं. मला तेवढं आयुष्य नको."

मॅडम, आजवर तुमचा शब्द मी मोडला नाही, आज मोडते. साहेबांसमोर उठून उभ्या राहिलात, तेव्हा आम्हाला विचारलं नव्हतंत. मीही तुम्हाला विचारणार नाही. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, कडेचा उजेड जितका टिकेल तितका टिको, आणि तुम्ही आईपेक्षा चार वर्षं जास्तच जगा. सकाळ झाली का, हे मला विचारा. भर दुपारी विचारलंत तरी मी ओ देईन.