वेर्नाचा निळा

संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. अमेरिकेतल्या डुलुथ शहरात एका मोठ्या दुकानाच्या दाराशी उभी राहून मी लोकांच्या पिशव्या आणि पावत्या ताडून बघते. त्यामुळे आमच्या आयकॉनवाल्या मंडळींनी इंटरनेटवरच्या स्पर्धेवर लक्ष ठेवायला मला नेमलं, यात नवल काहीच नव्हतं.

स्पर्धा साधी. दर आठवड्याला आम्ही अ‍ॅनिमेचं, म्हणजे जपानी कार्टूनचं, एक चित्र द्यायचो. प्रत्येकीनं त्यातून शंभर बाय शंभर ठिपक्यांचा चौकोन, म्हणजे आयकॉन, कापायचा, फोटोशॉपमध्ये लेयरवर लेयर चढवून रंगवायचा आणि बिननावानं पाठवायचा. एवढासा तुकडा, पोस्टाच्या तिकिटाहून थोडा मोठा, पण त्यावरून बायका वर्षवर्ष अबोला धरायच्या. नियम दोनच होते. आपला आयकॉन कुठला ते सांगायचं नाही आणि दोन खाती उघडून स्वतःलाच मत द्यायचं नाही.

वेर्ना तकाचुक आमच्यातली मुरलेली. सीमेपलीकडे कॅनडात, थंडर बे शहरात राहायची, बोलिंगच्या अड्ड्यावर लोकांना भाड्यानं बूट द्यायची आणि घरी आल्यावर आयकॉन रंगवायची. तिची माणसं निळसर दिसायची. गाल, हात, दातसुद्धा. आम्ही त्याला ‘वेर्नाचा निळा’ म्हणायचो. कितीजणींनी तो जमवायचा प्रयत्न केला, मीही केला, पण आमची माणसं नुसती आजारी दिसायची.

२००६च्या मार्चमध्ये एक नवं खातं उगवलं आणि तिसऱ्याच आठवड्यात पहिलं आलं. चित्र तलवारवाल्या मुलीचं होतं. निकाल लावायला नाव उघडलं, ते वेर्नाचं नव्हतं, आणि माझं डोकंच सणकलं. तोच निळा. तसूभर फरक नाही! खात्याचा इंटरनेटवरचा पत्ता तपासला तर तो वेर्नाच्याच घरच्या कॉम्प्युटरचा. आणि वेर्नानं त्या आयकॉनला मतही दिलेलं.

मी जाब विचारला. ती म्हणाली, ते खातं माझ्या आईचं आहे. हे मी आधी ऐकलेलं नव्हतं असं नाही. पकडलं की प्रत्येकीला एक बहीण फुटते, एकीला तर जुळी फुटली होती. आई मात्र पहिल्यांदाच. एकाहत्तर वर्षांची बाई अ‍ॅनिमे रंगवते म्हणे! मी निकाल रोखला, दोन्ही खाती बंद केली आणि कारण सभासदांच्या चर्चेच्या पानावर सगळ्यांना दिसेल असं ठळक अक्षरांत लिहिलं. तीन वर्षांची मैत्रीण होती ती माझी. तरी लिहिलं, आणि खरं सांगते, लिहिताना बरं वाटलं.

वेर्ना भांडली नाही, याचाच मला जास्त संशय आला. तिचं दोन ओळींचं पत्र आलं, खाली घरचा पत्ता. ‘आई रोज निकाल बघते. मी तिला सांगितलेलं नाही, तूच येऊन सांग.’

थाप उघडी पाडायची म्हणून मी शनिवारी सकाळी गाडी काढली. सीमेवरच्या अधिकाऱ्यानं कशासाठी चाललात विचारलं. मैत्रिणीला भेटायला म्हटलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याचं काही चुकलं नाही.

दार वेर्नानं उघडलं. नुसती बाजूला झाली. स्वयंपाकघरात, कॉम्प्युटरसमोर उशी ठेवलेल्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती, बाजूला कुबड्या. पडद्यावर आमचंच निकालाचं पान होतं. मागच्या भिंतीवर जुन्या लग्नांचे फोटो, सगळे काळेपांढरे आणि वरून हातानं रंगवलेले. मिसेस तकाचुक तरुणपणी फोटो स्टुडिओत कापसाच्या बोळ्यानं नवरीमुलींच्या गालांवर रंग चढवायच्या. माकडहाड मोडून घरी बसल्यावर लेकीनं हातात माऊस दिला.

तरी मी बधले नव्हते. मग माझं लक्ष पडद्याकडे गेलं. आमच्या पानाची पांढरीशुभ्र पार्श्वभूमी तिथे गुलाबी होती, टेबलावरच्या गोड बनपावांवरच्या आयसिंगइतकी गुलाबी. मॉनिटर म्हातारा होऊन सगळंच लालसर दाखवत होता. त्यावर कातडीचा रंग नीट दिसेपर्यंत या दोघी लाल काढत राहायच्या, आणि आमच्या पडद्यांवर माणसं निळी पडायची. ज्याला आम्ही तीन वर्षं शैली म्हणून डोक्यावर घेतलं ते हे! त्या मॉनिटरसमोर जो बसेल त्याच्या हातून हाच निळा निघणार होता. दोन माणसं, एक पडदा. माझा सगळा पुरावा त्या टेबलावर बसला होता.

“स्पर्धा बघणारी तूच ना? निकालाला एवढा उशीर का लागलाय?” म्हातारीनं मला विचारलं.

“तपास चालू होता, मिसेस तकाचुक. तुम्ही पहिल्या आलात.”

ती हसली नाही. डोळे बारीक करून आधी लेकीकडे, मग माझ्याकडे बघितलं. “हिनं तुला बोलावलंय. म्हातारीला बरं वाटावं म्हणून द्यायचं बक्षीस असेल तर मला नको. नीट तपासलंस का? खरं सांग.”

वेर्ना सिंककडे तोंड करून उभी होती.

“मी तुम्हाला चोर ठरवलं होतं,” मी म्हटलं. “तुम्ही नाहीच आहात, हिनंच खोटं नाव घेतलंय, असं चारशेजणींना सांगितलं. तुमच्याइतकी कुणाचीच झडती मी घेतलेली नाही.”

म्हातारीनं बनची बशी माझ्याकडे सरकवली. “मग ठीक आहे,” ती म्हणाली.

माफी मी तिथेच बसून लिहिली, तेवढ्याच ठळक अक्षरांत. जिंकणाऱ्याला आम्ही नाव आणि जिंकलेलं चित्र असलेली छोटी रंगीत पट्टी करून द्यायचो, तीही त्याच मॉनिटरवर केली. म्हातारी शेजारून सांगत होती, गालावरचा लाल अजून काढ, अजून थोडा. घरी येऊन बघितलं तर तलवारवाली मुलगी नखशिखांत निळी. मी एक ठिपकाही बदलला नाही.

वेर्ना स्पर्धेत परत आली. माझ्याशी मात्र ती अजून बोलत नाही.