सुनेचा करंडा

दवाखान्यातल्या कार्बोलिक साबणाचा वास आला की आजही माझा हात कपाळाकडे जातो. अमरावतीला नर्सिंग शिकून मी अकोल्याच्या दवाखान्यात नोकरीला लागले, त्याच आठवड्यात हिवरखेडच्या एका बाईचं अडलेलं बाळंतपण माझ्या हातून पार पडलं. तिची सासू सुनेचा कुंकवाचा करंडा घेऊन माझ्यापुढे आली. मी विधवा, पण माझं कोरं कपाळ तिला नोकरीचा नियम वाटलं असावं. "कामापायी कुकू पुसा लागते काय वं, नर्सबाई? वाक जराशी." खरं सांगावं की वाकावं? परीक्षेत हे कुणी विचारलं नव्हतं. गोंधळून मी वाकलेच. तिनं बोट टेकवल्यावर मान वर केली, तर तिचंही कपाळ कोरंच होतं. मी विधवा आहे हे तिनं ओळखलं होतं की नव्हतं, हे मला अजून उमगलेलं नाही.