घरादाराचे डॉक्टर

एमबीबीएस झाल्यावर स्त्रीरोगाच्या पदव्युत्तर जागेची वाट बघत मी हिंगोलीला घरी बसले होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुलगी डॉक्टर झाली म्हणजे बाळंतपणंच करणार, हे घरीदारी सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, आणि मीही. वाचून वाचून मी चिडचिडी झाले तेव्हा वडील म्हणाले, "शिरड शहापूरला माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. जागा मिळेपर्यंत त्यांच्याकडे जात जा. हात तरी चालू राहील."

मग मी रोज सकाळी एसटीनं औंढ्यावरून शिरडला जाऊ लागले. दवाखाना म्हणजे रस्त्याकडेच्या दोन खोल्या आणि बाहेर लिंबाखाली एक बाकडं. डॉक्टर साठीकडे झुकलेले होते. मी त्यांना सर म्हणायचे.

पहिले काही आठवडे मला तिथलं सगळं फार संथ वाटलं. खोकल्याची बाई आली की सर तिच्या छातीला नळी लावायच्या आधी विचारायचे, "चूल आता कोण पेटवतं? तू का सून?" पोट दुखतंय म्हणणाऱ्या शाळकरी पोरीला परीक्षेचं विचारायचे. म्हातारे भले आहेत, पण गप्पिष्ट आहेत, असं मी घरी सांगायचे.

त्या हिवाळ्यात एक मेंढपाळ आला. तिशीचा, रुंद खांद्यांचा गडी, पण अंगावरचा सदरा हँगरला अडकवल्यासारखा लोंबत होता. सोबत बायको. कितीतरी दिवस ताप यायचा, घामानं अंथरूण भिजायचं, चार दिवस बरं वाटायचं, की परत ताप. कंबर इतकी धरलेली की मेंढरांमागं चालवत नव्हतं. शहरात दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. आधी टायफॉइडचं औषध, मग टीबीचं. मी त्याला तपासलं, कागद चाळले आणि मनातल्या मनात टीबीवरच शिक्का मारला.

सर त्याच्याशी थोडं बोलले आणि म्हणाले, "दुपारी तुमच्या वाड्यावर येतो."

"काहून जी?" बायको घाबरली. "लई वाईट हाये का?"

"वाईट न्हाई. मला तुमची जनावरं बघायचीयत."

मला हसू आलं. पण दुपारी सरांच्या स्कूटरवर मागं बसून गेले. गावाबाहेर काट्यांचं कुंपण घातलेला मेंढवाडा होता. त्यातच पाच-सहा शेळ्या. सर उकिडवे बसले आणि त्या बाईशी बोलू लागले. दूध कसं पिता, तापवून का तसंच? तसंच, ती म्हणाली, धारेचं गरम गरम चांगलं लागतं. यंदा पिल्लं किती झाली? तिचा चेहरा पडला.

"कशाची पिल्लं, सायेब. तीन शेळ्यांनी गाभ टाकला. ह्यांनीच हातानं ओढून काढलं अन् पुरलं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. पुस्तकातलं पान माझ्या डोळ्यांसमोर आलं. ब्रुसेलोसिस. शेळ्यामेंढ्यांकडून माणसाला होणारा ताप. परीक्षेसाठी मी तो पाठ केला होता, पण असा काट्यांच्या कुंपणात तो मला भेटेल असं कधी वाटलं नव्हतं.

सर उठले नाहीत. त्याच आवाजात त्यांनी बायकोला विचारलं, "आणि तुला ग? तुला ताप येतो का?"

ती नवऱ्याकडे बघून ओशाळली. "येतो की. पण माझं काय, कामात कळत न्हाई."

नवरा चकित होऊन म्हणाला, "मला न्हाई बोललीस कधी."

"तुमीच पडून होता. दोघं पडल्यावर जितराबाकडं कोण बघावं?"

दोघांचं रक्त औरंगाबादला पाठवलं. दोघांनाही तोच आजार निघाला. दीड महिना औषधं चालली. सरांनी जनावरांच्या डॉक्टरांना वाड्यावर नेलं आणि दूध उकळून प्यायचं, गाभ पडला तर उघड्या हातानं शिवायचं नाही, हे घरातल्या म्हातारीपर्यंत सगळ्यांना समजावलं. उन्हाळा लागायच्या आत तो गडी मेंढरं घेऊन दवाखान्यावरून जाताना दिसला. त्यानं काठी वर करून हाक मारली आणि मी खुर्चीतून उठून बाहेर धावले.

त्यानंतर मी सरांना त्यांच्याबद्दल विचारायला लागले. तरुणपणी त्यांनाही सर्जरीची जागा मिळत होती. त्यांनी ती घेतली नाही. सगळ्या घराला ओळखणारा डॉक्टर ही स्वतंत्र विद्या आहे, ती शिकवायला हवी, तिची परीक्षा हवी, असं ते पुण्यामुंबईच्या परिषदांत उभं राहून सांगायचे. "लोक काय म्हणायचे?" मी विचारलं.

"हसायचे. मग चहाला बोलवायचे. चहा चांगला असायचा."

तरी ते जातच राहिले. त्यांच्यासारखे इतर गावांतले डॉक्टर तिथं भेटत गेले, त्यांनी मिळून अभ्यासाचे विषय ठरवले. इकडे हिंगोलीत एका मेडिकल दुकानाच्या माडीवर रविवारी आसपासचे डॉक्टर जमायचे. प्रत्येकानं स्वतःला न उमगलेला एक पेशंट सांगायचा, एवढाच नियम. पोहे असायचे आणि भांडणंही.

फॅमिली मेडिसिनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तेव्हा देशात मोजक्याच ठिकाणी होता. स्त्रीरोगाची वाट सोडून मी त्याला जायचं ठरवलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे एवढं शिकून परत साधीच डॉक्टर?" वडील आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलले. मग स्टेशनवर सोडायला आले आणि गाडी हलताना खिडकीतून लाडवांचा डबा आत दिला.

परत आले ती दोन हजार सालानंतरची पहिली वर्षं. तोवर हिंगोली जिल्हा झाला होता. मी वारंगा फाट्याला दवाखाना टाकला आणि पाटीवर 'कुटुंबवैद्यक तज्ज्ञ' लिहिलं. एका ट्रक ड्रायव्हरनं आत डोकावून विचारलं, "मॅडम, ये तज्ज्ञ मतलब किस चीज के डॉक्टर?" मी म्हटलं, "तुमच्या घरात कोण कोण आहे, ते सांगा, मग सांगते." तो बसला आणि बराच वेळ बोलला. पुढच्या खेपेला बायको-लेकरांना घेऊन आला.

काही वर्षांनी नवे डॉक्टर माझ्याकडे शिकायला येऊ लागले. त्यातली एक माझ्यासमोर बसलेली असताना एका सकाळी सर आणि त्यांच्या पत्नी आले. सरांची साखर वाढली होती आणि ते ती मानायला तयार नव्हते.

"चहा किती होतो?" मी विचारलं.

"दोन वेळा."

"घरी दोन वेळा," काकू शांतपणे म्हणाल्या. "आणि लिंबाखालच्या बाकड्यावर?"

सर माझ्या विद्यार्थिनीकडे वळून म्हणाले, "बघितलंस? पेशंट कधी एकटा बोलवायचा नसतो." आणि निमूटपणे बाही वर करून त्यांनी हात माझ्यापुढे केला.