आमची रानी

फिलूमावशी चर्चमधली राणीची खुर्ची पुसायला घ्यायची तेव्हा आधी डोक्यावर पदर ओढायची आणि मग रिकाम्या खुर्चीला हळूच म्हणायची, "सरक जरा." नवखं माणूस जवळ असलं तर चमकून बघायचं. लहानपणी मी तिला विचारलं होतं, राणीशी असं बोलतात का? त्यावर ती फडका झटकत म्हणाली, "माजी तिची वळख हाय." मला वाटलं, म्हातारपणी माणसं देवांशी भांडतात तसंच हे काहीतरी.

उरणच्या बाजूला खाडीकाठी आमचं आजोळ. गावात पोर्तुगीजांच्या वेळचं चर्च आहे, आणि चर्चच्या मागच्या भिंतीशी तांबड्या दोरीच्या आत काळ्या लाकडाची भलीमोठी खुर्ची आहे. तिच्या पाठीवर रोमन अक्षरांत 'रेजिना' असं कोरलंय. लॅटिनमध्ये रेजिना म्हणजे राणी. पोर्तुगालच्या एका राणीनं ती जहाजातून पाठवली, अशी तिची ख्याती. त्या खुर्चीपायी आमच्या चर्चला राज्यपाल येऊन गेले, मंत्री आले, सिनेमातले लोकही आले. चर्चच्या किल्ल्या, वेदीची फुलं आणि ही हकीकत, तिन्ही गोष्टी मावशीच्या ताब्यात होत्या. ती माझ्या आईची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

हकीकत सांगताना ती रंगायची. दर दोन-चार वर्षांनी हकिकतीला नवं पान फुटायचं. आधी नुसती खुर्ची होती, मग तिच्यावर मखमल आली, मग जहाज वादळात सापडलं आणि खुर्ची तेवढी वाचली. एका नटाला दोरी ओलांडून खुर्चीत बसून फोटो काढायचा होता. मावशीनं त्याला सांगितलं, "रानीला विचारा. ती हो बोलली तर बसा." तो बिचारा ओशाळला आणि बाजूला उभा राहून फोटो काढून गेला. त्या खुर्चीत तिनं कधी कोणाला टेकू दिलं नाही. मी घणसोलीहून माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणींना घेऊन जायची तेव्हा मावशीचा हा रुबाब बघून मलाच मिरवल्यासारखं वाटायचं.

तीनेक वर्षांपूर्वी युरोपातल्या कुठल्याशा राजघराण्यातल्या एक वयस्कर बाई मुंबईत आल्या होत्या. त्यांना कोणीतरी आमच्या खुर्चीचं सांगितलं आणि त्या बघायला येणार असं ठरलं. गावात लगीनघाई उडाली. कमानीला रंग लागला, 'राणीचे चर्च' असा फलक झळकला. चर्चच्या समितीच्या सेक्रेटरींनी ठरवलं की पाहुण्या राजघराण्यातल्या आहेत, तर त्यांनाच खुर्चीत बसवायचं. राणीच्या खुर्चीत राणीच्या रक्ताचं माणूस, फोटो पेपरात येईल. मावशी मला फोन करून म्हणाली, तू ये, मला एकटीला नको. मी रजा टाकून गेले.

बाई साध्या होत्या. पायात सपाट चपला, हातात काठी. फादरांनी स्वागत केलं, पोरींनी फुलं दिली, सेक्रेटरींनी तांबडी दोरी सोडली आणि हात पुढे केला. बाई वळून बसणार, एवढ्यात मावशी मध्ये गेली.

"बाय, बसू नका," ती म्हणाली. "ती माजे आजीची खुर्ची हाय. रेजिना माजी आजी. उरनच्या बाजारात मासली विकायची."

फादर खाली बघत राहिले. सेक्रेटरींच्या कपाळावर घाम आला, पण माणूस हुशार. हसत हसत इंग्रजीतून त्यांनी बाईंना सांगितलं की या आमच्या जुन्या सेविका आहेत, लाकूड फार जुनं झालंय, आपल्याला इजा होईल अशी त्यांना काळजी वाटते. बाईंना ते फार आवडलं. त्यांनी मावशीचा हात दोन्ही हातांत धरला आणि थोपटला. मावशीला इंग्रजी कळत नव्हतं. आपण सांगितलेलं बाईंना कळलं आणि तरीही त्यांनी हात धरला, असं तिला वाटलं. तिचे डोळे भरून आले. सेक्रेटरी खरं काय बोलले ते मी तिला घरी गेल्यावर सांगितलं.

ऐकून ती ओट्यावर बसली. मग तिनं सगळं सांगितलं. तिची आजी, म्हणजे माझी पणजी, बाप्तिस्म्याची रेजिना; घरात आणि बाजारात सगळे तिला रानी म्हणायचे. त्या वेळी चर्चमध्ये पुढचे बाक जमीनदार घरांचे, आणि मासेवाल्या बायका मागे फरशीवर. पुढे तिचे गुडघे गेले, खाली बसता येईना. नवऱ्यानं एका मोडीत निघालेल्या बंगल्यातून ही खुर्ची आणली, सुताराकडून तिच्यावर नाव कोरून घेतलं आणि होडीत घालून चर्चला पोचवली. रानी मागे आपल्या खुर्चीत बसायला लागली, तशी पुढचे लोक नाकाला रुमाल लावून हसायचे. बघा, रानी आली. ती मेली, खुर्ची तिथेच राहिली.

मावशी तेव्हा तरणी पोर होती. एकदा फुलं ठेवायला गेली असताना मुंबईचे कोणी मोठे साहेब चर्च बघायला आले. त्यांनी कोरलेलं नाव वाचलं आणि हिला विचारलं, कोणती राणी? ही म्हणाली, "आमची रानी." साहेबांनी टोपी काढली आणि खुर्चीपुढे मान लववून उभे राहिले.

"माजे आजीपुढं कदी कोनी मान लववली नवती," मावशी म्हणाली. "मना वाटलं, लवू दे. आनि माजे हाताला तवा मासलीचा वास येत व्हता. मी हात पाठी लपवले आनि गप रायले."

साहेबांनी फादरांना सांगितलं, फादरांनी गावाला. जुन्या माणसांना खरं ठाऊक असणारच, पण गावालाही राणी हवीच होती. मग पोर्तुगाल आलं, जहाज आलं, मखमल आली. पुढचं सगळं मावशीनंच शिवलं होतं, आणि ते शिवताना तिला मजाही आली होती, हेच तिला जास्त लागत होतं. मी तिची समजूत घालायला गेले. म्हटलं, मावशी, त्यात तुझी काय चूक, तू खोटं कुठे बोललीस? तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"लोकांनी तिला फरशीवर बसवलेली," ती म्हणाली. "ती आपले हिमतीवर उठून खुर्चीत बसली. आनि मी, तिची नात, मी तिला तिचेच खुर्चीवरनं उठवली."

दुसऱ्या दिवशी तिनं फादरांकडे जाऊन कन्फेशन केलं. फादर भले आहेत. त्यांनी तिला क्षमा दिली, पण फलकाचा विषय समितीचा, असं म्हणाले. समितीनं तिचं वय बघून तिला विश्रांती दिली आणि किल्ल्या दुसऱ्या बाईकडे गेल्या. फलक आजही तिथेच आहे. मावशी दर रविवारी जायची, येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून खरं सांगायची, आणि लोक हसून मान हलवायचे. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं नवी बाई त्यांना बाजूला घेऊन सांगत असे. राणीची गोष्ट मावशीनं इतकी झकास सांगितली होती की तिला स्वतःलाच ती मोडता येईना.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. वाशीच्या हॉस्पिटलात मी तिच्याजवळ बसायची. शेवटी शेवटी बोलणं कमी झालं होतं. एका दुपारी मी सहज म्हटलं, मावशी, आता घाबरू नकोस, वर तुझी आजी वाट बघत असेल.

"असंल ना," ती म्हणाली. "खुर्चीत बसलेली असंल. मी तिचेसमोर उभी रानार. ती बस बोलली नाय, तर मी तशीच उभी रानार."