बंबाची राख आन् रूपालीची पावडर

मखमलाबादच्या खंडेराव काकडांचा मळा झेंडू-शेवंतीचा. उजाडलं की घरातल्या बाया वट्यावर हार गुंफायला बसायच्या. त्यांच्यात एकच पोरगी अशी व्हती, की हात फुलात आन् डोकं भलतीकडं. शेवंती सुकली की रंग का बदलती, चुन्यावर पाणी वतलं की खदखदतं का, असलं इचारून सगळ्यांना भंडावून सोडायची. ती रूपाली, खंडेरावांची लेक. तिची आई नवसाबाई म्हणायची, "बये, गजरा कर आधी, मग दुनियेची चौकशी कर." पण पोरगी काय गप बसती. शिकत गेली, शिकत गेली, केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली, आन् मग कॉलेजात गांगुर्डे मॅडमच्या हाताखाली संशोधनाला लागली.

संशोधन कशाचं, तर प्लास्टिकच्या बाटल्यांचं. शेजारची कुसाबाई हार गुंफायला यायची. तिनं एकदा इचारलंच, "आगं रूपे, बाटलीत काय एवढं शोधायचं? पाणी प्यायचं, फेकून द्यायची."

"मावशे, बाटलीचं प्लास्टिक म्हंजी लय लांब माळ असती बघ," रूपाली म्हणली. "डोळ्याला दिसणार नाय अशा बारीक कणांची. ती आपोआप गुंफली जात नाय. मधी एक मध्यस्थ लागतो, त्याला कॅटॅलिस्ट म्हणत्यात. लग्न जमवणारा नाय का, दोन्ही घरं एकत्र आणतो, आन् सोता व्हता तसाच राहतो. दुसऱ्या लग्नाला मोकळा."

"मग तुला माळ गुंफायचीय?"

"नाय, उसवायचीय. उसवली की त्याच कणांची पुन्हा नवी गुंफता येती. आन् गंमत बघ, गुंफणारा मध्यस्थ उसवायला बी चालतो."

"आमच्या पाव्हण्यातला भिमाजी तसाच हाय," कुसाबाई म्हणली. "जमवतो बी तोच, मोडतो बी तोच. आन् दोन्ही टायमाला जेवून जातो."

रूपालीचा मध्यस्थ म्हंजी एक पांढरी पावडर. जस्ताचं औषध मातीत कालवायचं, भाजायचं, कुटायचं, चाळायचं. कधी जास्त भाजली जायची, कधी कच्ची राहायची. बाटल्यांचे बारीक तुकडे एका घट्टसर गोड औषधात टाकायचे, त्यात चिमूटभर पावडर, आन् काचेच्या भांड्यात तापवत बसायचं. तुकडे इरघळायला अख्खा दिवस जायचा. मॅडम म्हणायच्या, "रूपाली, एवढा जाळ लागत असेल तर कोणता कारखाना हे करेल?"

मग आलं कुंभमेळ्याचं साल. नाशकात बाटल्यांचा नुसता खच. रूपालीनं गोण्या भरून घरी आणल्या. नवसाबाईनं त्या धुतल्या, वट्यावरच्या बायांनी फुलांच्या कातरीनं त्यांचे तुकडे केले. रूपालीनं त्याच टायमाला पावडर बी नव्यानं भाजली व्हती. दोन्ही घेऊन ती लॅबमधी गेली. सकाळी भांडं चढवलं, आन् दुपारचा डबा खाऊन बघती तर तुकड्यांचा मागमूस नाय. पाण्यात वतून थंड केलं, तर तळाशी उसवलेल्या कणांच्या पांढऱ्याशुभ्र सुया जमल्या, जशी काय साखर फुलली. पोरगी एकटीच हसत बसली. तिला वाटलं, नवी पावडर साधली.

मॅडमनी सिन्नरच्या धागा बनवायच्या कारखान्यातून बागूल साहेबांना बोलावलं. साहेब म्हणले, "आमच्या कारखान्यातले तुकडे घेऊन येतो. माझ्या डोळ्यांदेखत करून दाखवा. झालं तर मोठं भांडं देतो, पुढचं काम आमच्याकडं करा." आन् नाय झालं तर काय, ते मॅडमनी रूपालीला बाजूला घेऊन सांगितलं. कॉलेजनं दिलेली मुदत सरत आली व्हती. विषयच बदलावा लागला असता. एवढ्या वरसांची भाजाभाजी पाण्यात.

साहेब यायचे त्या दिवशी रूपाली ठेवणीतली साडी नेसून गेली. साहेबांचे तुकडे लखलखीत, कारखान्यात गरम पाण्यानं धुतलेले. भांडं चढलं. दुपार झाली, ऊन कललं, तरी तुकडे आपले तळाशी साबुदाण्यासारखे बसलेले. साहेब घड्याळ बघून म्हणले, "ताई, आमचा चहा परत परत झाला, तुमच्या बाटलीला काही पाझर फुटंना. पुढच्या आठवड्यात येतो."

रूपालीनं मग एकेक करून सगळं तपासलं. जाळ तोच, औषध तेच, पावडर तीच. घरचे तुकडे टाकले की इरघळायचे, साहेबांचे टाकले की बसून राहायचे. शेवटी तिनं घरचे तुकडे घेतले आन् पावडर टाकलीच नाय. ते बी इरघळले. मध्यस्थी दुसरंच कोणीतरी करत व्हतं, आन् मान तिच्या पावडरीला मिळत व्हता.

ती तशीच घरी आली. न्हाणीपाशी नवसाबाई बाटल्यांची गोणी उपसून बसलेली. समोर घमेल्यात पाणी, बाजूला बंबातली राख, हातात नारळाची शेंडी. तांब्या-पितळ घासावं तशी बाटली घासायची, त्याच घमेल्यात बुचकळायची आन् पालथी टाकायची.

"आई, तू बाटल्या राखेनं घासती?"

"मग कशानं? लोकांच्या उष्ट्या बाटल्या त्या. नुसत्या पाण्यानं घरात घेऊ का?"

"आगं, राखेत खार असतो. तोच चिकटून राहिला तुकड्यांना. तोच उसवतोय माळ."

नवसाबाईचं तोंड उतरलं. "म्हंजी मी नास केला का गं तुझ्या कामाचा?"

"नास नाय केला. पण माझी पावडर काय कामाची राहिली?"

कुसाबाई वट्यावरून ऐकत व्हती. ती म्हणली, "त्यात काय एवढं. साहेबाला म्हणावं बाटल्या आमच्याच घ्या. आम्ही धुऊन देतो. त्याला काय राख दिसणारे?"

खरंच दिसली नसती. रूपाली जेवायला बसली. भाकरीचा तुकडा मोडायची आन् तसाच ताटात ठेवायची. सकाळी मात्र सरळ मॅडमच्या पुढं जाऊन उभी राहिली आन् सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे तुझी पावडर काहीच करत नाही?"

"करते मॅडम. पण हळू."

"आणि राख?"

"ती भरभर करते."

"मग दोघींना एकत्र नांदवून पाहिलंस का?"

ते काय तिला सुचलं नव्हतं. आठवडाभर पोरगी राखेच्या मागं लागली. राख पाण्यात कालवायची, निवळी काढायची, आटवायची, तळाला राहील तो पांढरा खार खरवडून घ्यायचा. बागूल साहेब आले तवा टेबलावर तीन भांडी मांडलेली, तिन्हींत साहेबांचेच तुकडे. रूपालीनं आधीच सांगून टाकलं, "साहेब, मागच्या टायमाला माझी चूक झाली. पावडरीचा म्हणून जो गुण सांगितला, तो राखेचा होता."

साहेब खुर्ची ओढून बसले. नुसत्या पावडरीचे तुकडे बसूनच राहिले. नुसत्या खाराचे इरघळले, पण रस चहासारखा लाल. तिसऱ्यात दोन्ही व्हतं. साहेबांचा दुसरा चहा यायच्या आत ते भांडं नितळ झालं, आन् थंड केल्यावर सुया अशा जमल्या की साहेब वाकून वाकून बघाय लागले.

"हे तुम्ही लपवलं असतं तर मला कळलं नसतं," साहेब म्हणले.

"कारखान्यात गेल्यावर कळलं असतं साहेब. तिथं बाटल्या घासायला माझी आई नसती."

साहेब हसले. मॅडमकडं बघून म्हणले, "मोठं भांडं दिलं. पुढचं काम ह्या ताईंना आमच्याकडंच करू द्या."

विषय काय बदलावा लागला नाय, नुसतं त्याचं नाव लांबलं. पण रूपालीला आता नवीनच नाद लागला, कोणत्या लाकडाची राख सरस. खंडेरावांनी केळीचे वाळके खांब आणून जाळले, बाभळीचा जाळ वेगळा केला. गल्लीतल्या बाया तर इरेला पेटल्या. जी ती आपल्या चुलीतली पुडी बांधून आणायची आन् बजावायची, हिला जरा नीट बघ गं. रूपाली हरेक पुडीवर जिचं तिचं नाव टाकायची.

एक दिवस कुसाबाई हार अर्धा टाकून कॉलेजातल्या लॅबपर्यंत चालत गेली. दारातूनच इचारलं, "रूपे, आमची राख पास का नापास?"

"पास हाय मावशे. पण केळीची पुढं गेली."

"केळीची कोणी दिली?"

"आमच्या आबांनी."

"मग बाप हाय म्हणून दिलेत मार्क," कुसाबाई म्हणली, आन् दुसरी पुडी टेबलावर ठेवून खुर्चीत ठाण मांडून बसली. "ही लाव आत्ताच्या आत्ता. मी बसते हितं."