मधल्या कप्प्यातला डबा

हे मी आमच्या यांनाही सांगितलेलं नाही. मुलीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट कळत नाही. ओळखीच्या माणसापुढं जीभ उचलत नाही, एवढंच खरं असेल.

आधी जरा फ्रीजबद्दल बोलू द्या, म्हणजे मला धीर येईल. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत फ्रीजचं काही अडलं की बायका माझ्याकडं येतात. भिंतीला चिकटवू नका, मागं वीतभर जागा सोडा. गरम रस्सा तसाच आत ढकलू नका, निवू द्या. बर्फ साठला तर सुरीनं खरवडू नका — बटण बंद करा, आपोआप वितळू द्या. कच्चं मटण झाकून ठेवा, त्याचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकता कामा नये. हे मला कुणी शिकवलं नाही, एकाच फ्रीजशी इतकी वर्षं संसार करून मी शिकले. जुना, एका दाराचा आमचा फ्रीज. वर बर्फाचा कप्पा, त्याच्या खाली एक ट्रे. त्या ट्रेत काहीही ठेवा, दगड होतो. मला ते पक्कं माहीत होतं. म्हणजे चुकून झालं, असं मला म्हणता येत नाही.

आमच्या शेजारी दस्तगीरभाई आणि भाभी राहतात. भाई शिलाईकाम करायचे. पेठेतल्या निम्म्या पोरांच्या फुटबॉलच्या चड्ड्या त्यांच्या मशीनखालून गेल्या असतील. मोजकं बोलणारा माणूस, पण दिलेला शब्द कधी मोडला नाही. मंगळवारी कपडे देतो म्हणाले की मंगळवारी मिळायचेच. त्यांना साखरेचा आजार, रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागायचं. एका पावसाळ्यात त्यांचा फ्रीज कायमचा बसला, तेव्हा भाभी बाटल्यांचा स्टीलचा डबा घेऊन माझ्याकडं आल्या.

"वैनी, नवा फ्रीज घेईस्तोवर एवढं ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. बर्फ तेवढा होऊ द्यायचा न्हाय बघा, मग औषध वाया जातंय."

मी मधल्या कप्प्यात, दुधाच्या पातेल्याशेजारी जागा करून दिली. तुमचं आमचं काय वेगळं हाय काय, असं वर म्हणालेसुद्धा. आणि तेव्हा ते खरंच होतं हो! ईदला त्यांच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मी शिरखुर्मा प्यायलेली आहे. माझ्या बाळंतपणात भाभींनी माझं डोकं मांडीवर घेतलेलं आहे.

मग नवरात्र आलं. घट बसायच्या आधी आम्ही घर उपसून काढतो — अंथरुणं, भांडी, फडताळं, सगळं धुऊन घ्यायचं. मी फ्रीजही रिकामा केला, सोड्याच्या पाण्यानं पुसला, वास जाईपर्यंत उघडा ठेवला. देवीच्या नैवेद्याचं दूध-दही मधल्या कप्प्यात लावलं. आणि शेजारी तो डबा परत ठेवायला गेले, तेव्हा हात थांबला.

काय आलं मनात? सांगायलाच बसलेय तर सांगते. नैवेद्याच्या दुधाला त्यांचा डबा लागायला नको, असं आलं. त्यांचा! घरात सासू नव्हती, कुणाचा धाक नव्हता, शास्त्र सांगणारं कुणी नव्हतं. यांना विचारलं असतं तर हे हसले असते. डब्यात काय होतं? औषध. तरी मी तो उचलला आणि वर, बर्फाखालच्या ट्रेत सरकवला. दसऱ्याला परत खाली घेऊ, मनाशी म्हटलं. फ्रीज लवकर गार व्हावा म्हणून बटणही शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

दोन-तीन माळा झाल्या असतील, भाभी नवी बाटली न्यायला आल्या. मी ट्रे ओढला. बाटली हाताला चटका देईल इतकी गार, आत सगळं पांढरं, घट्ट. भाभी बाहेर उंबऱ्याशी उभ्या. तेव्हाच सांगायचं होतं, नाही का? "भाभी, गोठलं बघा, माझ्या हातनं चूक झाली." एवढंच तर होतं! पण मग त्यांनी विचारलं असतं, वर कशाला ठेवलं?

"बसा की, चहा टाकते," म्हणाले. चहा उकळेस्तोवर बाटली पदरात गुंडाळून मुठीत धरली. पाणी पाणी झालं, पहिल्यासारखं स्वच्छ दिसायला लागलं. दूध गोठलं तरी त्याचा चहा होतोच की, अशी मी माझी समजूत घातली. चहा पाजला आणि बाटली हातात दिली.

पुढच्या दिवसांत भाईंना सारखी तहान लागायला लागली. मशीनवर बसल्या बसल्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. शेवटी ते दुकानातच कोसळले आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. साखर भलतीच चढली होती. मी भाभींबरोबर होते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला — औषध कुठं ठेवता, गोठलंबिठलं नाही ना?

"आमच्या वैनीच्या फ्रीजात हाय, डॉक्टर. घरच्यापेक्षा नीट ऱ्हातंय," भाभी छाती काढून म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "व्हय का न्हाय वो?"

मी मान हलवली.

म्हटलं तर तेवढंच केलं मी. एकदा मान हलवली. पण औषध चांगलं ठरल्यावर दोष माणसाच्या माथी जाणारच ना? भाईंच्या पुतण्याचं लग्न ठरलं, त्या सुपारीचा पेढ्यांचा पुडा त्यांच्या घरात होता आणि त्यातले पेढे कमी झाले होते. नातवंडांनी पळवले असणार, दुसरं कोण? भाभी कॉटपाशी उभ्या राहून नवऱ्याला फाडून खायला लागल्या, "जिभंपायी जीव घालवतायसा!" भाई ग्लानीतून डोळे उघडून म्हणाले, "अल्लाची शप्पथ, म्या न्हाय खाल्लं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. निदान शेजारीण तरी विश्वास ठेवील, असं वाटलं असेल त्यांना. आणि मी काय म्हणाले? "गोडाचा मोह वाईटच हो, भाई."

भाभींनी नेलेली बाटली तोवर संपली होती. घरी येऊन मी उरलेल्या बाटल्या फेकल्या, लांबच्या मेडिकलमधून तशाच नव्या आणल्या आणि मधल्या कप्प्यात ठेवल्या. नैवेद्याच्या दुधाला चिकटून. देवीला काही झालं नाही. भाई बरे झाले, साखर उतरली. आणि त्यानंच त्यांचा घात केला. बघा, पेढे बंद झाल्याबरोबर उतरली की नाही! गल्लीनं निकाल देऊन टाकला. भाभी गुळाचा डबा कुलपात ठेवायला लागल्या. पोरं चिडवायला लागली. पुष्कळ दिवस भाई ज्याला त्याला सांगत राहिले, न्हाय रं बाबा, न्हाय खाल्लं. मग सांगायचे थांबले.

आता इतक्या वर्षांनी त्यांच्याकडं मोठा, दोन दारांचा फ्रीज आहे. कुठं काय ठेवायचं ते भाभी अजून मलाच विचारतात.

परवा दसऱ्याला त्यांच्याकडं सोनं द्यायला गेले होते. भाईंच्या नातीच्या मुलानं पेढ्यांचा बॉक्स पाठीमागं लपवला आणि ओरडला, "पणजोबा आलं, पेढं झाका!" सगळे हसले. भाईही हसले. थकलेत आता. म्हणाले, "व्हय बाबा, खाल्लं आसल मी त्या वक्ताला. एवढी माणसं म्हणत्यात तर खाल्लंच आसल."

मी तिथंच बसले होते, हातात आपट्याची पानं घेऊन. भाईंनी पेढा खाल्ला नव्हता.