बाथरूमची पिवळी कडी

महिला दिनाला कंपनीच्या साहेबांनी माझ्या हातात एक गुलाब, एक माईक आणि एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर भाषणाचा विषय होता: महामारीत नोकरदार स्त्री कशी बहरली. वाचून माझं डोकंच फिरलं.

मी मोरिवलीजवळच्या औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. तयार पाकिटं तपासायचं टेबल नऊ वर्षं माझ्याकडे आहे. आमच्या खात्यात बायका बाथरूमला नेहमी जोडीने जातात. लाड म्हणून नव्हे. दाराला कडी नव्हती, म्हणून एक आत गेली की दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं. कडीसाठी आम्ही तीन वेळा अर्ज दिला होता. साहेबांनी तिन्ही वेळा बघतो म्हटलं.

मग लॉकडाऊन लागला. जे कारखान्यातच मुक्काम करतील तेच काम करतील, असं ठरलं. साहेबांनी यादी वाचली. बारा पुरुष आणि एकही बाई नाही. माझ्या टेबलावर लोडिंगचा एक माणूस, ज्याने पाकीट कधी उलटून पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, "आमचं काय?"

"मॅडम, समझा करो. लेडीजची जबाबदारी कोण घेणार? तुमच्या बाथरूमला साधी कडी पण नाही."

हे त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं! मला त्यांचा भयंकर संताप आला. मी कंत्राटावर होते. टेबल एकदा गेलं की परत मिळणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. नवरा कामाला होता तो उल्हासनगरचा जीन्सचा कारखाना आधीच बंद पडला होता.

घरी बेलवलीला आले. दुकानं सगळी बंद. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि आमच्या बाथरूमची कडी काढायला लागले. दाराबरोबर तिलाही पिवळा ऑइलपेंट फासलेला होता.

नवरा धावत आला. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का? आता मी आंघोळ कशी करायची?"

"आईंना बाहेर उभं करा दार धरून," मी म्हटलं. आठ दिवस तो घरात बसून मला स्वयंपाकातल्या चुका दाखवत होता. त्याचं ते तोंड बघून मला फार बरं वाटलं.

पॅकिंगमधल्या चामटोलीच्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "मी पन येते. घरी बसून काय भाकऱ्याच थापू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी अंथरूण घेऊन गेटवर हजर. साहेबांच्या डोळ्यांदेखत मी दाराला कडी ठोकली, लावून दाखवली आणि विचारलं, "आता सांगा, अजून काय नाही?" त्यांनी खिशातून यादी काढली आणि खाली आमची दोन नावं लिहिली. सव्वा महिना आम्ही खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर झोपलो. माझं टेबल माझ्याकडेच राहिलं.

आणि आता हे बहरणं. मी माईक तोंडाशी नेणार, तेवढ्यात साहेबांनीच तो घेतला आणि कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, "महामारीतही आम्ही महिलांची सगळी सोय केली." सोय दाखवायला ते पाहुण्यांना आमच्या बाथरूमपर्यंत घेऊन गेले. कडीवर हात ठेवून त्यांनी फोटोही काढून घेतला. परत येऊन त्यांनी जाहीर केलं की पुढच्या महिन्यापासून नव्या शेडमध्येही बायकांना काम मिळेल. टाळ्या पडल्या. मग माईक माझ्याकडे आला.

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही हात ठेवलात तो पिवळा रंग माझ्या घरातला आहे. नव्या शेडचं बाथरूम मी सकाळीच बघून आले. तिथेही कडी नाही. माझ्याकडे आता काढून आणण्यासारखी एकच कडी उरली आहे, ती घराच्या बाहेरच्या दाराची."